भोक बुजवण्याची गोष्ट

सनरूफ ही वस्तू काही परभणीसाठी बनलेली नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांपर्यंत जायला मागेपुढे पाहत नाही. दुपारी बारा ते चार रसवंतीवाला सोडला तर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा गावात गाडीच्या पत्र्याला मुद्दाम खिडकी पाडून घ्यायची आणि त्या खिडकीचे वर पैसे मोजायचे, हा व्यवहार माझ्या डोक्यात कधी शिरला नाही.

पण माझ्या डोक्याला विचारतो कोण? आता शोरूममध्ये पहिला प्रश्न सनरूफचा असतो आणि मायलेजचा दुसरा. वरातीत नवरदेवाची करवली छपरातून अर्धी बाहेर निघून नाचते. शाळेतली पोरं मुंडकी बाहेर काढून ओरडत जातात आणि आईबाप मोबाईलवर त्यांचे फोटो काढतात. (कृपा करून हे करू नका. पुढच्याने करकचून ब्रेक मारला तर त्या पोराला धरून ठेवायला काहीही नसतं.) थोडक्यात काय, तर उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी असलेली ही खिडकी आमच्याकडे मुख्यतः शेजाऱ्यांना दिसण्यासाठी असते.

आज लिहायचंय ते याच्या बरोबर उलट. सनरूफवाली गाडी घरात असताना पैसे खर्चून, घाम गाळून, सहा महिने वाद घालून ते भोक बुजवून टाकणाऱ्या कुटुंबाबद्दल. ते कुटुंब आमचंच. आमच्या घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून आधीच सांगते की हे सगळं वहिनींना वाचून दाखवलंय आणि त्यांची हरकत नाही. आप्पांना दाखवलेलं नाही. आप्पा वाचत नाहीत, फक्त "काय लिहायलीस?" एवढं विचारतात.

गाडी दादाची. दादाचं मानवतला खताबियाण्यांचं दुकान, म्हणजे पाटीवरचं कृषी सेवा केंद्र. मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. कापसाला भाव आला की सगळ्या गावाला भाव येतो आणि पडला की सगळं गाव पडतं. २०१४ साली दादाने होंडा सिटी घेतली. त्या वर्षी सिटीचं नवीन मॉडेल आलं होतं आणि त्यात सगळ्यात वरचं होतं व्हीएक्स. खालच्या मॉडेलांना नुसतं छप्पर, व्हीएक्सला सनरूफ. दादा म्हणाला, "घ्यायची तर वरचीच घ्यायची." आमच्या घरात वरचं मॉडेल असलेली ती पहिलीच वस्तू. तोवर आम्ही पंखा घेतानासुद्धा "यातला साधा दाखवा" म्हणणारी माणसं.

दिवसा ते सनरूफ कधीच उघडलं नाही. सरकतं झाकण ओढूनसुद्धा टाळूला चटका जाणवायचा. पण रात्री दादा ते उघडायचा. गंगाखेडकडून परत येताना, गोदावरीचा पूल ओलांडला की बटण दाबायचा. काच मागे सरकायची, वारा आत यायचा. तो स्वतः वर बघायचा नाही, गाडी चालवत असायचा ना. आम्हाला बघायला सांगायचा. "बघ, किती चांदण्या आहेत," असं न बघताच म्हणायचा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दादा गेला. त्या एप्रिलबद्दल वेगळं काही सांगायची गरज नाही. गाडी गोदामात, युरियाच्या रिकाम्या गोण्यांशेजारी उभी राहिली. वहिनी महिन्यातून दोनदा ती सुरू करायच्या, पाच मिनिटं चालू ठेवायच्या आणि बंद करायच्या. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायच्या.

मग दोन वर्षांपूर्वी दिवाळीला भाचा आला. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. फराळाचं ताट मांडीवर घेऊन त्याने जाहीर केलं, "मी पप्पांची सिटी रेसला तयार करणार आहे. आधी ऑटोक्रॉस, मग जमलं तर रॅली."

घरात जी शांतता पसरली ती चकलीच्या आवाजाने मोडली. चकली मीच खात होते.

आता रेसची गाडी म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, इंजिन मोठं करतात आणि अंगावर आकडा रंगवतात. भाच्याने समजावलं की पहिलं काम जोडण्याचं नसतं, काढण्याचं असतं. मागची सीट काढा, गालिचे काढा, दारांची आतली पुठ्ठी काढा, स्पीकर काढा, छताला आतून लावलेलं कापड काढा. वजन कमी झालं की तेच इंजिन जास्त जोराने पळवतं, तेच ब्रेक लवकर थांबवतात, तेच टायर वळणावर जास्त धरून ठेवतात. म्हणून रेससाठी गाडी शोधणारे लोक नेहमी खालचं मॉडेल शोधतात. ज्याच्यात काहीच नाही, ते सगळ्यात चांगलं. आपण शोरूममध्ये ज्या ज्या गोष्टीसाठी पन्नास हजार जास्त देतो, ती ती गोष्ट इथे पान्याने उघडून कोपऱ्यात टाकतात.

आप्पांना हे पटेना. "बापानं वरचं मॉडेल घेतलं आन् पोरगं त्याचं खालचं करायलंय," ते म्हणाले. वाक्य बरोबरच होतं. त्यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर शेवटी शंकरपटाने दिलं. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात, तोच आमच्या भागातला शंकरपट. योगायोग असा की दादाने गाडी घेतली त्याच वर्षी, मे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. आप्पा तरुणपणी पटाचे शौकीन. भाच्याने त्यांना विचारलं, "आप्पा, पटाची छकडी आणि घरची बैलगाडी, यात फरक काय?" आप्पा फुलले. पटाची छकडी कशी हलकी, एका माणसाला उचलता येईल अशी, तिला साटा नाही, धाव नाही, बसायला जागासुद्धा जेमतेम, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. भाचा म्हणाला, "मग पटाच्या छकडीला कोणी गादी घालतं का?" आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सांगायचं न्हाई का आधी."

म्हणजे आप्पांचा प्रश्न मिटला. वहिनींचा बाकी होता. तो एकाच वाक्याचा होता आणि त्यांनी तो एकदाच विचारला. "उलटली तर?"

या प्रश्नाला हसण्यावारी नेता येत नाही. एकुलता एक मुलगा, त्याचा बाप गेलेला आणि गाडीच्या छताला मधोमध काच. सनरूफचा प्रश्न रेसमध्ये खरा महत्त्वाचा होतो तो इथे. बाकीच्या वस्तू काढल्या की विषय संपतो. सीट काढली, संपलं. सनरूफ काढलं की मात्र भोक उरतं आणि तेही नेमकं डोक्यावर.

तर हे सनरूफ प्रकरण मी भाच्याकडून, पुण्याच्या एका फॅब्रिकेटरकडून आणि आमच्या परभणीच्या मिस्त्रींकडून जेवढं शिकले तेवढं सांगते. कोणाला उपयोग झाला तर चांगलंच.

आपण ज्याला सनरूफ म्हणतो ती नुसती काच नसते. काचेखाली एक चौकट असते, तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात दोन बाजूंना रुळ, मोटर, ओढणाऱ्या तारा, सरकतं झाकण आणि चारी बाजूंनी पन्हाळ. हो, पन्हाळच. सनरूफमधून पाणी आत येतच नाही, हा गैरसमज आहे. थोडं येतं, ते या पन्हाळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या चार रबरी नळ्यांतून खांबांच्या पोटातून खाली जातं. आमच्या गाडीच्या नळ्या काढल्या तेव्हा त्यात काळी माती घट्ट बसली होती. दहा वर्षांची मानवतची माती. काढून टाकताना या नळ्यांची खालची तोंडं बंद करायची, नाहीतर त्यातून धूळ आणि पाणी आत यायला वाट मिळते.

काढण्याचं काम गोदामातच झालं. आधी बॅटरीची वायर सोडायची. मग छताचं कापड उतरवायचं. ज्या गाड्यांना छताच्या कडेने पडद्यासारख्या एअरबॅग असतात, तिथे हे काम माहितगार माणसानेच करावं. आमच्या गाडीला त्या नव्हत्या. मग काचेचे स्क्रू, मग कॅसेटचे बोल्ट. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून ती चौकट खाली घेतली आणि पुढच्या दारातून तिरकी करून बाहेर काढली. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर काच, मोटर, कॅसेट सगळं एकत्र ठेवलं. १८ किलो ४०० ग्रॅम.

आता १८ किलो म्हणजे फार काय, असं मलाही वाटलं. गाडी अकराशे किलोच्या आसपास. पण वजन किती याच्याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. जमिनीलगतचे १८ किलो आणि छतावरचे १८ किलो सारखे नसतात. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला विचारा, वळताना तोल कुठे जातो. आमच्या भोकाचं माप सुमारे ८० बाय ४५ सेंटीमीटर निघालं. त्यावर ०.८ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर त्याचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास येतं. म्हणजे छतावरून निव्वळ सोळा किलो उतरले. वहीत हिशोब मांडला तर सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य सुमारे सव्वा सेंटीमीटर खाली आला. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे रेसमध्ये एवढ्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. आम्हाला तो नुसत्या पान्याने मिळाला.

दुसरा फायदा डोक्याचा. कॅसेटमुळे छत आतून खाली येतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण हेल्मेट घातलं की माणूस उंच होतो, त्यात छताखालून पिंजऱ्याच्या नळ्या जातात. हेल्मेट आणि नळी यांच्यात मोकळी जागा हवी आणि जिथे डोकं आपटू शकतं तिथे नळीवर खास प्रतीचं पॅडिंग हवं. भाचा सहा फुटांना दोन इंच कमी. कॅसेट असताना बसवून पाहिला तर हेल्मेट वर टेकत होतं. तिथेच एक निर्णय झाला.

आता भोकाचं काय करायचं? याला चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे काहीच करायचं नाही, काच तशीच ठेवायची. मोटर स्पोर्टची जागतिक संघटना एफआयए, तिचं नियमांचं पुस्तक आहे 'अपेंडिक्स जे'. त्यातल्या कलम २५३ मध्ये गाड्यांच्या सुरक्षिततेचे नियम आहेत. आपल्याकडची एफएमएससीआय तिच्याशीच संलग्न. त्या कलमात खिडक्यांच्या आणि सनरूफच्या काचेला आतून पारदर्शक फिल्म लावायला सांगितलंय, जास्तीत जास्त १०० मायक्रॉन जाडीची. कारण ही काच फुटली की तिचे हरभऱ्याएवढे तुकडे होतात आणि ते सगळे आत, डोळ्यांत, मानेत येतात. फिल्म असेल तर ते एकमेकांना धरून राहतात. म्हणजे काच चालते, पण संशयाने चालते. परदेशातल्या बऱ्याच क्लबांच्या नियमांत तर काच काढा आणि पत्रा बसवा असं सरळच लिहिलेलं असतं.

दुसरी वाट अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून आणि चिकटवून बसवायचा. हलकं काम, एका दिवसात होतं. तिसरी वाट भोकाच्या मापाचा लोखंडी पत्रा वेल्ड करायचा. चौथी वाट सगळ्यात देखणी. भंगारात निघालेल्या त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलचं अख्खं छप्पर आणायचं, आपल्या छपराचे स्पॉट वेल्ड एकेक करून सोडायचे आणि ते नवीन चढवायचं. दिसायला कंपनीचं दिसतं. पण सनरूफवाल्या छपराखालच्या आडव्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्याही बदलाव्या लागतात, आणि एवढं करून वजनात फारसा फरक पडत नाही.

भाच्याच्या डोक्यात मधेच पाचवी वाट आली. रॅलीच्या गाड्यांच्या छतावर हवा घेणारी एक झडप असते. रॅलीत धुळीमुळे काचा बंद, एसी नाही, अंगावर आग न लागणारे जाड कपडे. आतल्या माणसाचा उकडलेला बटाटा होतो. त्यासाठी नियमाने झडप चालते, पण मोजून. उंची १० सेंटीमीटरपर्यंत, छताच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, बिजागरी मागच्या कडेला, एकूण रुंदी ५०० मिलिमीटरपर्यंत. भाचा म्हणाला, भोक आहेच तर झडप बसवू. मिस्त्रींनी टेप लावली आणि म्हणाले, "भोक ऐंशीचं, झडप पन्नासची. आधी पत्रा लागतोच. मग पत्र्यात झडप पाडायची तेव्हा पाडू." परभणीच्या उन्हात चाळीस वर्षं पत्रा ठोकलेल्या माणसाने झडपेचा मोह टाळावा, हे मला विशेष वाटलं.

या मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. त्यांचं दुकान म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखाली तीन भिंती. ट्रॅक्टरचे बॉनेट, काळीपिवळीचे दरवाजे, एसटीला घासून आलेल्या जीपा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. रेसची गाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. पण त्यांनी गाडीत बसून वर पाहिलं आणि जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता. "पिंजरा कधी बसणार? आधी का नंतर?"

भाचा म्हणाला, नंतर, पुण्यात.

"मग आत्ता बुजवायचं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "भोक बुजवलं तर नळीच्या वरच्या बाजूचा सांधा भरायला हात कुठून घालणार?"

पुण्याच्या फॅब्रिकेटरला फोन केला तर तोही हेच म्हणाला. पिंजऱ्याच्या नळ्या छताला अगदी लागून जातात. जिथे दोन नळ्या मिळतात तिथे वेल्डिंग पूर्ण गोल फिरलं पाहिजे. खालून आणि बाजूंनी जमतं, पण छताकडच्या बाजूला टॉर्च शिरत नाही. तोच भाग अर्धवट राहतो आणि गाडी उलटली की पहिला तोच सुटतो. म्हणून काही ठिकाणी चांगलं छप्परसुद्धा आधी कापून काढतात, पिंजरा वेल्ड करतात आणि मग छप्पर परत बसवतात. आमचं भोक आयतंच होतं. सहा महिने ज्याच्यावरून घरात वाद चालला होता, ते नेमकं कामाला येणार होतं.

तर गाडी ट्रकवर ताडपत्री बांधून पुण्याला गेली. रस्त्यावरून चालवत नेली नाही आणि नेताही आली नसती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. छप्पर कापलेली, पिंजरा घातलेली गाडी ही ट्रॅकची गाडी, बाजारात भाजी आणायची नाही. हे वहिनींना फार आवडलं. "म्हणजे रस्त्यावर नाही ना पळवणार?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुण्यात पिंजरा झाला. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या बिनजोड नळीची, बाकीच्या नळ्या ३८ मिलिमीटरच्या. हीही मापं त्या २५३ कलमातलीच. छताखाली, बरोबर भोकाच्या खालून, तिरक्या नळ्या गेल्या. भोकातून हात घालून सगळे वरचे सांधे पूर्ण भरले. मला भाच्याने फोटो पाठवला. वरून काढलेला, भोकातून. काळ्या नळ्यांची फुली आणि खाली ड्रायव्हरची सीट.

तो फोटो मी वहिनींना दाखवला. हेच त्यांच्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि ते उत्तर मला तेव्हाच नीट कळलं. गाडी उलटली तर माणसाला छप्पर वाचवत नाही. काचेचं असो, पत्र्याचं असो, ०.८ मिलिमीटरचा पत्रा हजार किलोला काय अडवणार? वाचवतो तो पिंजरा, आणि त्या पिंजऱ्यात माणसाला धरून ठेवणारे पट्टे. मग पत्रा कशाला? पत्रा यासाठी की उलटणाऱ्या गाडीत हात आपल्या ताब्यात राहत नाहीत. ते वर उडतात. वर भोक असेल तर हात बाहेर जातो आणि गाडी त्या हातावर येते. खिडकीला जाळी लावतात तीही याचसाठी. आणि बाहेरचे दगडगोटे आत येऊ नयेत म्हणून. म्हणजे पिंजरा मरणापासून वाचवतो आणि पत्रा अंग अंगाजवळ ठेवतो. दोघांची कामं वेगळी.

वहिनींनी फोटो मोठा करून पाहिला. नळ्या मोजल्या. मग म्हणाल्या, "ताई, आपल्या घराच्या स्लॅबला तरी एवढं लोखंड घातलं होतं का?"

त्यांच्या मनाची तयारी व्हायला आणखी एक गोष्ट कारणीभूत झाली. २०२४ साली पुण्याच्या डायना पुंडोले यांनी चेन्नईच्या ट्रॅकवर पुरुष स्पर्धकांबरोबर धावून सलून गाड्यांच्या गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ती बातमी वहिनींनी कापून ठेवली होती. मला वाटलं भाच्यासाठी ठेवली असेल. नंतर समजलं, स्वतःसाठीच.

गाडी परत आली ती अवकाळी पावसाच्या आठवड्यात, पुन्हा ताडपत्री बांधून. मिस्त्रींनी भोकाची कड आधी एका पातळीने खाली दाबली, म्हणजे पत्रा वर उचलून न राहता तिच्यात बसेल. मूळ भोकाभोवतीची मजबुतीची चौकट तशीच ठेवली. मग पत्रा. आणि मग टाके. वेल्डिंगमध्येही टाकाच म्हणतात. एक टाका इथे, दुसरा समोरच्या बाजूला, तिसरा कोपऱ्यात. प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं. मी विचारलं, सलग का नाही मारत? "ताई, पातळ पत्रा तापला की रुसतो," ते म्हणाले. "एकदा रुसला की जन्मभर टपटप वाजत राहतो. त्याला गरम होऊ न देता जोडायचं." दीड दिवस ते फडकं बुडवत आणि टाके घालत होते. वर पुट्टी त्यांनी अगदी पातळ फिरवली. "पुट्टीचंबी वजन असतं," हे त्यांचं रेसिंगचं ज्ञान तोपर्यंत तयार झालं होतं.

आमच्या गावावर एक जुनी म्हण आहे, बनी तो बनी नहीं तो परभणी. बाहेरचे लोक ती आम्हाला हिणवायला वापरतात. काम जमलं तर जमलं, नाहीतर चला परभणीला. मी ती म्हण त्या दिवशी लिंबाखाली उलटी ऐकली. पुण्यात जे जमणार होतं ते पुण्यात जमलं, राहिलेलं परभणीत जमलं. छतावर हात फिरवला तर जोड कुठे आहे ते डोळे मिटून सापडत नाही.

काढलेल्या काचेचं काय केलं, हे विचारणारच तुम्ही. भाच्याला ती विकायची होती, व्हीएक्सवाले विकत घेतात म्हणे. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. आप्पांनीच एके दिवशी पत्रेवाल्याला बोलावलं आणि ती काच गोदामाच्या छपरात बसवून घेतली, दादाची खुर्ची असायची त्या जागेच्या वर. "उजेड पडतो, दिवसा लाईट लावायला लागत न्हाई," एवढंच कारण त्यांनी सांगितलं. कडेने डांबर लावलंय, पहिल्या पावसात गळली नाही. ती काच आता उघडत नाही. पण तशी ती दिवसा कधीच उघडत नव्हती.

मला आधी वाटायचं की दादाची गाडी कापली म्हणजे दादाचं काहीतरी कापलं. आता वाटतं, त्याला ते भोक आवडत नव्हतं. त्याला आम्हाला वर बघायला लावणं आवडायचं. ते त्या १८ किलोंत नव्हतं, म्हणून काट्यावर आलं नाही.

पावसाळा संपला की पहिली ऑटोक्रॉस आहे. वहिनी जाणार आहेत. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जाईल, शिवाय हेल्मेटच्या आत घालायला त्यांनी एक सुती टोपी शिवलीय. ती नियमात बसत नाही, आत आग न लागणाऱ्या कापडाचीच लागते, असं भाच्याने सांगून पाहिलं. टोपी पिशवीत गेलीच आहे.

असो. पुढचं पुढच्या वेळी, निकालासकट.